हात लावून पाहिलेलं जग

जानेवारी १९५९ च्या अखेरीस केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी आणि त्यांच्या सहकारी जीन वॉलेस चाचण्यांचं सामान गाडीत भरून वुल्व्हरहॅम्प्टनच्या नेत्ररुग्णालयात पोचले. तान्हेपणी दृष्टी गेलेले एक गृहस्थ वयाच्या ५२ व्या वर्षी शस्त्रक्रियेनंतर पाहू लागलेत, अशी बातमी वर्तमानपत्रात आली होती. गृहस्थ समोर आले आणि या दोघांना वाटलं, आपण फसलो. ते भिंतीला हात न लावता बोळातून चालत होते. दारातून नीट आत आले. खोलीतल्या बऱ्याच वस्तूंची नावं त्यांनी सांगितली. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळात किती वाजलेत तेही बरोबर सांगितलं. ज्याने घड्याळाची तबकडी कधी पाहिली नाही, तो काटे कसे वाचेल? हे गृहस्थ कधी आंधळे होते तरी का, इथवर शंका गेली.

उत्तर त्यांच्या खिशातच होतं. त्यांनी एक मोठं, काच काढून टाकलेलं घड्याळ बाहेर काढलं आणि बोटांनी काटे चाचपून झटकन वेळ सांगून दाखवली. इतकी वर्षं ते असंच घड्याळ बघत आले होते. भिंतीवरचं घड्याळ डोळ्यांना नवं होतं, बोटांना जुनं.

ग्रेगरी आणि वॉलेस यांनी १९६३ साली हे प्रकरण सविस्तर प्रसिद्ध केलं. त्यात या गृहस्थांचा उल्लेख एस. बी. असा आहे. पु. लं.ना आणि जी. एं.ना आद्याक्षरांनीच ओळखणाऱ्या आपल्या वाचकाला त्यात काही वावगं वाटू नये, म्हणून मीही तेच नाव ठेवतो.

एस. बीं.चा जन्म १९०६ चा. साधारण दहा महिन्यांचे असताना डोळ्यांना संसर्ग झाला आणि दोन्ही डोळ्यांचा कॉर्निया, म्हणजे पुढचा पारदर्शक पडदा, दुधी काचेसारखा झाला. त्यातून उजेड कळे, पण वस्तूचा आकार, माणसाचा चेहरा, अक्षर यांतलं काही कळत नसे. बर्मिंगहॅमच्या अंधशाळेत ते शिकले, तिथेच बूटदुरुस्ती शिकले, आणि पुढे घरी तेच काम करून पोट भरू लागले. माणूस मोठा हौशी. मित्राचा हात खांद्यावर घेऊन सायकल मारायचे. बागेतल्या खोपटात हत्यारं घेऊन काहीबाही बनवत बसायचे. मेहुण्याची मोटार धुवायचे, आणि धुताना हाताखालून सरकणारा तो आकार दिसायला कसा असेल याचं चित्र मनात रंगवायचे. रस्ता ओलांडायचा झाला तर बेधडक ओलांडायचे.

मृत व्यक्तीचे डोळे कॉर्नियासाठी घेण्याचा कायदा ब्रिटनमध्ये १९५२ साली झाला. त्यानंतर अशा रोपणाची शक्यता वाढली. डिसेंबर १९५८ आणि जानेवारी १९५९ मध्ये एस. बीं.च्या एकेका डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. डोळ्याच्या मागचा भाग शाबूत होता. वैद्यकाच्या बाजूने पाहिलं तर गोष्ट इथे यशस्वी होऊन संपते.

पट्टी सुटल्यावर त्यांना पहिल्यांदा दिसला तो शल्यविशारदाचा चेहरा. म्हणजे, तो चेहरा आहे हे त्यांनी ताडलं. समोरून, जरा एका बाजूने आवाज आला. ते तिकडे वळले, तर काहीतरी धूसर ढग असावा तसं दिसलं. आवाज तोंडातून येतो आणि तोंड चेहऱ्यावर असतं, तेव्हा हा चेहराच असणार, असा त्यांचा हिशेब. आवाज आला नसता तर आपल्याला तो चेहरा आहे हे कळलं नसतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. आपण हाच हिशेब इतक्या वेगाने करतो की तो केल्याचं आपल्या गावीही नसतं. एस. बीं.ना तो हातचा धरून, एकेक पायरी मांडत करावा लागला, म्हणूनच तो आपल्याला बघायला मिळतो.

पुढच्या दिवसांत एक विचित्र नकाशा तयार होत गेला. काही गोष्टी त्यांना लख्ख दिसत आणि काही जणू दिसतच नसत. इंग्रजीची कॅपिटल अक्षरं ते लगेच वाचू लागले, पण स्मॉल अक्षरं अगदी परकी. डोळ्याच्या दृष्टीने कॅपिटल 'ए' आणि स्मॉल 'ए' यांत सोपं-अवघड असं काही नाही. फरक अंधशाळेत पडला होता. तिथे मुलांना लाकडावर कोरलेली कॅपिटल अक्षरं बोटांनी गिरवायला देत, स्मॉल देत नसत. चाळीस वर्षांपूर्वी बोटांनी शिकलेला धडा डोळ्यांनी एका क्षणात उचलला, आणि जो धडा बोटांना दिलाच नव्हता, तो डोळ्यांना अखेरपर्यंत जड गेला.

अंतराचंही तसंच. खोलीतली खुर्ची किती पावलांवर आहे हे ते अचूक सांगत. पण रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली पाहिल्यावर त्यांना वाटलं, खिडकीला हातांनी लोंबकळलो तर सहज खाली उतरता येईल. जमीन तीस-चाळीस फूट खाली होती! हात पोचतो आणि पाय चालतात तिथवरचं अंतर त्यांच्याजवळ आधीपासून मोजलेलं होतं. खिडकीपासून सरळ खाली जाणारं अंतर कुठल्याच आंधळ्या माणसाने चालून मोजलेलं नसतं. बहुधा म्हणूनच ते त्यांच्या डोळ्यांतही नव्हतं.

चंद्राची गंमत तर मला फार आवडते. आकाशात कोर दिसली तेव्हा ते काय आहे असं त्यांनी विचारलं. चंद्र म्हटल्यावर ते चकित झाले. 'चतुर्थांश चंद्र' हे शब्द त्यांनी जन्मभर ऐकले होते, आणि चतुर्थांश म्हणजे केकचा पाव भाग, त्रिकोणी तुकडा, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. आपल्याकडचा असता तर कदाचित भाकरीचा चतकोर म्हणाला असता. हाताला न लागणाऱ्या वस्तूचं ज्ञान फक्त शब्दांतून आलं की मन तो शब्द जवळच्या ओळखीच्या वस्तूला जोडून मोकळं होतं. आणि यासाठी आंधळं असावं लागत नाही. अणूचं चित्र काढायला सांगा, शाळेत गेलेला प्रत्येक जण छोटी सूर्यमाला काढून दाखवील.

आता बस. एस. बीं.च्या साऱ्या कागदपत्रांत मला सर्वांत बोलकी वाटतात ती त्यांनी काढलेली डबलडेकर बसची चित्रं. ग्रेगरींनी त्यांच्याकडून हे चित्र ठरावीक काळाने पुन्हापुन्हा काढून घेतलं. शस्त्रक्रियेनंतर सुमारे दीड महिन्याने काढलेल्या पहिल्या चित्रात खिडक्या आहेत, चाकं आहेत, आणि चाकांना आरे आहेत. बसच्या चाकांना तोवर असे आरे उरलेले नव्हते. ते आले लहानपणी हाताला लागलेल्या चाकांवरून. पुढच्या चित्रांत सुधारणा दिसते. आरे गेले, बसवरची अक्षरं आली, तपशील वाढला. एक गोष्ट मात्र वर्षभराने काढलेल्या चित्रातही आली नाही, ती म्हणजे बसचं तोंड. बॉनेट, रेडिएटर, जो भाग रस्त्यावर उभ्या माणसाला सगळ्यात आधी दिसतो, तो जागेवर नाहीच. रोज बसने जाणारा आंधळा माणूस बसचा दांडा धरतो, पायरी चाचपतो, सीटवर बसतो, खिडकीला हात लावतो. बसच्या तोंडाशी त्याचं काय काम? तिकडे जाणं धोक्याचंच. वर्षभर रोज बसेस बघूनही डोळ्यांनी ती कोरी जागा भरून काढली नाही.

आणि मग लेथ. एस. बीं.ना हत्यारांचं आणि यंत्रांचं वेड होतं, म्हणून ग्रेगरी त्यांना लंडनच्या विज्ञान संग्रहालयात घेऊन गेले. तिथे काचेच्या पेटीत आटे पाडण्याचा एक जुना लेथ होता, मॉडस्ली यांनी सुमारे १८०० साली बनवलेला. लेथवर काम करायला मिळावं असं एस. बीं.ना कित्येक वर्षं वाटत होतं. पेटीसमोर उभं केल्यावर ते म्हणाले, जवळ दिसतंय ते हँडल असावं. बाकी काही सांगता येईना. धातू कापणारी धार कुठे, काम कुठे धरतात, काही उमजेना, आणि ते अस्वस्थ झाले. आधीच ठरवल्याप्रमाणे सेवकाने पेटी उघडली. एस. बीं.नी डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही हात आधाशासारखे त्या यंत्रावरून फिरवले. मग एक पाऊल मागे सरकले, डोळे उघडले आणि म्हणाले, "आता हात लावलाय, आता मला दिसतंय."

ही ओळ मानसशास्त्राच्या वर्गांत नेहमी सांगतात. इंग्रजीत ती चमत्कारिक वाटते, म्हणून तर ती गाजली. मराठी कानाला तिच्यात अर्धंच आश्चर्य आहे. आपण मीठ चाखून पाहतो, गाणं ऐकून पाहतो, सदरा घालून पाहतो, अडल्यास कोणाला तरी विचारून पाहतो. साडीच्या दुकानात मावशी "जरा हात लावून बघू दे" म्हणतात, तेव्हा साडी त्यांच्या डोळ्यांसमोर सताड उघडी पसरलेली असते, तरीही त्यांची साडी अजून 'बघायची' असते. पोत कळल्याशिवाय बघणं पुरं होत नाही, हे आपल्या भाषेने केव्हाच मान्य करून टाकलंय. म्हणून आपण फार शहाणे असा याचा अर्थ नाही. पण एस. बीं.चं वाक्य समजून घ्यायला आपल्याला एक पायरी कमी चढावी लागते एवढं खरं.

या साऱ्यामागे एक जुना वाद आहे. डब्लिनचे विल्यम मॉलिनो यांची पत्नी आंधळी झाली होती. त्यांनी १६८८ साली तत्त्वज्ञ जॉन लॉक यांच्यासाठी एक प्रश्न लिहून पाठवला, आणि लॉकने तो आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तीत घेतला. जन्मांध माणसाला स्पर्शाने घन आणि गोल ओळखता येतात. उद्या त्याला दृष्टी आली, तर हात न लावता, नुसतं बघून कोणता घन आणि कोणता गोल हे तो सांगेल का? मॉलिनो म्हणाले, नाही. लॉक म्हणाले, नाही. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्झ म्हणाले, समोर या दोनच वस्तू आहेत हे त्याला सांगून ठेवलं, तर विचाराने काढील शोधून. तत्त्वज्ञ कांटने १७८१ मध्ये पुढची पायरी गाठली: जग जसंच्या तसं आत येत नाही, ते मनाच्या साच्यातून येतं, आणि संकल्पनेवाचून संवेदना आंधळी.

१७२८ मध्ये लंडनचे शल्यविशारद विल्यम चेसल्डन यांनी तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिगत छापली. त्याचा मोतीबिंदू काढला होता. त्याला मांजर कोणतं आणि कुत्रा कोणता हे डोळ्यांनी लक्षात राहीना, विचारायचीही लाज वाटे. एक दिवस त्याने मांजर उचललं, हाताने नीट चाचपलं, त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि खाली सोडत म्हणाला, मने, आता पुढच्या वेळी तुला ओळखीन मी. मधे २३० वर्षं गेली. मांजराच्या जागी लेथ आला, एवढाच काय तो फरक.

तरीही एस. बीं.च्या प्रकरणावरून मॉलिनोला सरळ 'नाही' असं उत्तर मिळतं का? मला वाटतं, मिळत नाही, आणि इथेच बरेच जण घाई करतात. घड्याळ त्यांनी हात न लावता वाचलं होतं. कॅपिटल अक्षरंही. म्हणजे हाताने कमावलेलं ज्ञान डोळ्यांकडे गेलं, तेही न शिकवता. लॉकच्या म्हणण्याप्रमाणे डोळा आणि हात यांची अनुभवाने सोयरीक जुळवावी लागते, तर मग ही सोयरीक कधी जुळली? दुसऱ्या बाजूने कांटचा साचा घ्या. तो सर्व माणसांना सारखाच मिळालेला, जन्मजात. बसचं तोंड गाळणारा साचा काही जन्मजात नसतो. तो रोजच्या बसेसमध्ये, एका विशिष्ट माणसाच्या हातांनी घडवलेला असतो. एस. बीं.ना जे दिसलं ते त्यांच्या पन्नास वर्षांच्या हातांनी आधीच जागा करून ठेवलेलं होतं. जिथे जागा नव्हती तिथे प्रकाश पडून गेला, ज्ञान झालं नाही.

एका माणसावरून किती बोलावं, हाही प्रश्न आहेच. त्यांना आधीपासून उजेड कळत होता. दहा महिने ते डोळस होते. ग्रेगरी पोचले तेव्हा पहिल्या शस्त्रक्रियेला सात आठवडे झाले होते, तेवढ्यात ते बरंच शिकले असतील. मॉलिनोच्या प्रश्नाची खरी परीक्षा झाली ती आपल्याकडच्या मुलांवर. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीतले पवन सिन्हा यांनी 'प्रकाश' नावाचा प्रकल्प उभारला. उत्तर भारतातली जन्मजात आंधळी, पण उपचार होऊ शकतील अशी मुलं शोधायची, दिल्लीत त्यांच्यावर शस्त्रक्रिया करायची आणि ती पाहायला कशी शिकतात हे अभ्यासायचं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ८ ते १७ वर्षांची पाच मुलं होती. पट्टी सुटल्यावर दोन दिवसांच्या आत चाचणी. ठोकळा पाहून तोच ठोकळा पुन्हा डोळ्यांनी ओळखण्यात ती ९२ टक्के बरोबर होती, हाताने चाचपून हातानेच ओळखण्यात ९८ टक्के. पण हाताने चाचपलेला ठोकळा डोळ्यांनी ओळखायचा म्हटलं की ५८ टक्के, म्हणजे छापा-काटा उडवण्याच्या जरासं वर. लॉक जिंकला म्हणायचं, तर त्यातल्या काही मुलांची पुन्हा चाचणी घेतली तेव्हा थोड्याच दिवसांत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या पुढे गेलं होतं, कोणी मुद्दाम शिकवलेलं नसताना. सोयरीक जन्मतः जुळलेली नव्हती, पण दोन्ही घरची माणसं जणू तयारच बसली होती.

एक गोष्ट मात्र जुळत नाही. एस. बीं.ना बऱ्याच दृष्टिभ्रमांनी फसवलं नाही. दोन सारख्याच रेघा, एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर वळलेले. आपल्याला दुसरी लांब वाटते, त्यांना फारसा फरक वाटला नाही. कागदावर काढलेला पारदर्शक घन आपल्या डोळ्यांसमोर उलटसुलट होत राहतो, त्यांच्यासमोर तो निपचित पडून राहिला. यावरून असं म्हटलं गेलं, की फसायलाही अनुभव लागतो, खोली पाहण्याची सवय असेल तोच फसेल. मांडणी देखणी होती. पण २०१५ मध्ये सिन्हांच्या गटाने नुकतीच दृष्टी आलेल्या मुलांना असेच बाणांच्या रेघांचे दृष्टिभ्रम दाखवले, तर ती पहिल्याच फटक्यात फसली. मग एस. बी. का फसले नाहीत? वय, चाचणीची पद्धत, पन्नास वर्षं हातावर ठेवलेला विश्वास, काहीही असेल. मला विचाराल तर या प्रकरणातला दृष्टिभ्रमांचा भाग बाजूला ठेवावा आणि बस आणि लेथ जवळ ठेवावेत. त्या दोन गोष्टींत एस. बी. प्रयोगशाळेतल्या प्रश्नाला उत्तर देत नव्हते. त्यांना खरोखरच काहीतरी पाहायचं होतं.

शेवटचं वर्ष वाईट गेलं. आंधळे असताना गजबजलेला रस्ता एकट्याने ओलांडणारे एस. बी. आता वाहनं दिसू लागल्यावर इतके घाबरत, की दोघांना दोन्ही बाजूंनी धरून त्यांना पलीकडे न्यावं लागे. जग त्यांना मळकट वाटलं. भिंतीवरचा उडालेला रंग, लाकडावरचा ओरखडा यांनी ते खिन्न होत. गडद रंग आवडत, पण दिवस मावळताना रंग फिके होत गेले की मन खाली बसे. रात्री कितीदा दिवा न लावताच बसत. याचं कारण नुसतं डोळ्यांत शोधून चालणार नाही. आपल्याकडे 'प्रज्ञाचक्षू' हा शब्द आहे, गुलाबराव महाराजांच्या नावामागे तो आदराने लागतो. एस. बीं.ना त्यांच्या गल्लीत थोडाबहुत तसाच मान होता: दिसत नाही, तरी बघा केवढं काम करतो! दृष्टी आली आणि तो मान गेला. आता ते साधे बूट शिवणारे, तेही स्मॉल अक्षरं न वाचता येणारे. पन्नास वर्षांचं कसब डोळे उघडताच मोडीत निघालं. ऑगस्ट १९६० मध्ये ते वारले.

अशा शस्त्रक्रियेनंतर मोठ्या वयाच्या माणसाला घरी सोडताना डिस्चार्जच्या कागदावर थेंब किती वाजता घालायचे ते लिहिलेलं असतं. माझ्या हातात असतं तर मी त्याखाली आणखी एक ओळ घातली असती. उद्या सकाळी कोणाला तरी घेऊन एसटी डेपोत जा, उभ्या असलेल्या गाडीच्या तोंडावरून हात फिरवा, आणि मग दोन पावलं मागे सरका.